एका ट्रान्स सिंगलचे तीन रीमिक्स: क्लबमध्ये कोणता चालेल?

सोलापूरच्याच एका तरुणाने विचारलेला प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांना संदर्भ लागेल. त्याने घरच्या कॉम्प्युटरवर ट्रान्सचं, म्हणजे क्लबमध्ये नाचायच्या इलेक्ट्रॉनिक संगीताच्या एका प्रकाराचं, एक सिंगल (सुटं गाणं) केलंय. १३८ बीपीएम (मिनिटाला १३८ ठोके), एफ मायनर पट्टी, जवळपास साडेसात मिनिटं. मधल्या भागात त्याच्या आजीच्या आवाजातली जात्यावरची ओवी आहे. मित्रांनी त्याचे तीन रीमिक्स करून दिलेत: एक १२६ चा प्रोग्रेसिव्ह, एक १३४ चा टेक्नो आणि एक १४२ चा सायट्रान्स, तिन्ही नाचायच्या इलेक्ट्रॉनिक संगीताचेच प्रकार. गेल्या महिन्यात होटगी रोडवरच्या एका लॉनवर मित्राच्या लग्नाआधीच्या पार्टीत त्याने मूळ गाणं वाजवलं. ओवी सुरू झाली आणि नाचणारी माणसं पाणी प्यायला निघून गेली. तो विचारतोय, गाण्यातच खोट आहे का, आणि पुण्याच्या क्लबमधल्या डीजेंना यातला कोणता रीमिक्स पाठवावा?

गाण्यात खोट नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण तुमच्या लिहिण्यातून वाटलं की त्या रात्रीपासून तुम्ही फाइल उघडलेली नाही. उघडा. ओवीचा भाग ऐकताना मी गोदामात एकटाच उभा होतो आणि दोनदा मागे नेऊन ऐकला.

मी २००३ पासून वाजवतोय. सुरुवात सोलापुरात वराती आणि गॅदरिंगपासून, मग अकरा वर्षं पुण्यातल्या क्लबमध्ये, आणि आता परत इथेच. सिस्टिम भाड्याने देतो, बोलावलं तर वाजवतोही. तुमच्या चारही फाइल मी तीन ठिकाणी ऐकल्या: रात्री हेडफोनवर, दुसऱ्या दिवशी गाडीत, आणि रविवारी गोदामात अठरा इंची बेसचे स्पीकर आणि वर टॉप (वरच्या आवाजाचे स्पीकर) लावून. तिन्ही ठिकाणी पसंतीचा क्रम बदलला. हेडफोनवर प्रोग्रेसिव्ह पहिला होता. मोठ्या सिस्टिमवर तो तिसऱ्या नंबरवर गेला. त्याचं कारण पुढे सांगतो.

तुम्ही विचारलंय की कोणता रीमिक्स चांगला. पण खरा प्रश्न वेगळा आहे. प्रत्येक रीमिक्स नाचणाऱ्या माणसाला कुठे थांबायला लावतो, किती वेळ थांबायला लावतो, आणि त्याआधी त्याला काय देतो? ट्रान्सचं सगळं गणित या थांबण्यात आहे. किक, म्हणजे ड्रमचा खालचा जड ठोका, काढून घ्यायची, सूर हवेत ठेवायचे आणि मग ती परत द्यायची. ती परत येणार हा भरवसा असेल तर माणूस हात वर करून उभा राहतो. भरवसा नसेल तर तो पाण्याच्या टाकीकडे जातो.

तुमच्या मूळ गाण्याचे आकडे बघा. चार किक म्हणजे एक बार. १३८ च्या वेगाला एक बार म्हणजे सुमारे १.७४ सेकंद. ब्रेकडाऊन, म्हणजे किक बंद असलेला थांबण्याचा भाग, ९६ बारनंतर लागतो, म्हणजे २ मिनिटं ४७ सेकंदांनी. तो चालतो ६४ बार, म्हणजे १ मिनिट ५१ सेकंद. जवळपास दोन मिनिटं लॉनवरच्या माणसाच्या पायाखाली काहीच नव्हतं. त्यातच आजीचा आवाज त्याने आयुष्यात पहिल्यांदा ऐकला, कारण त्याआधीच्या पावणेतीन मिनिटांत तुम्ही त्या आवाजाची एकही खूण दिली नव्हती. एक अनोळखी आवाज, तोही किक बंद करून, तोही लग्नघरात. लोकांना वाटलं गाणं संपलं आणि आता काहीतरी वेगळा कार्यक्रम सुरू होतोय. मी तिथे असतो तर मलाही तसंच वाटलं असतं.

‘सोलापूरच्या पब्लिकला ट्रान्स कळत नाही’ असं तुम्ही शेवटी लिहिलंय. हे मात्र मला मान्य नाही. आपल्या गावाला थांबणं फार चांगलं कळतं. गणपतीच्या मिरवणुकीत लेझीमच्या ताफ्याजवळ उभं राहून बघा. शेकून कडक केलेली हलगी, एका हातात जाड टिपरू, दुसऱ्या हातात बारीक काडी. हलगीवाला लय वाढवत नेतो, नेतो, आणि मधेच टिपरू वर धरून थांबतो. शंभर पोरांचे गुडघे वाकलेले, लेझमा छातीशी धरलेल्या. कुणी हलत नाही आणि कुणी निघूनही जात नाही. तो ठोका पडला की सगळा रस्ता एकदम खाली येतो. हाच ब्रेकडाऊन आणि हाच ड्रॉप, म्हणजे किक परत येण्याचा क्षण. फरक एवढाच की हलगीवाला चार मात्रा थांबतो आणि तुम्ही ६४ बार. शिवाय त्या हाताने तासभर पोरांना नाचवलेलं असतं आणि त्या तासात तो एकदाही चुकलेला नसतो. तुम्ही लॉनवर पोहोचून वीस मिनिटं झाली होती.

इथे ट्रान्सची जन्मकथा कामाला येते. हे संगीत घडलं १९९० च्या आसपास जर्मनीत, फ्रँकफुर्ट आणि बर्लिनच्या क्लबमध्ये, जिथे रात्र सूर्य उगवला तरी संपत नव्हती. दोन मिनिटांचा ब्रेकडाऊन पेलतो तो चार तास नाचून झालेल्या फ्लोअरला. त्यांना विसावा हवाच असतो. आपल्याकडे उघड्यावर रात्री १० ला स्पीकर बंद. ध्वनी प्रदूषणाचे नियम २००० पासून तेच सांगतात. सरकार वर्षातले मोजके दिवस १२ पर्यंत मुभा देऊ शकतं, पण लग्नाच्या लॉनला त्याचा उपयोग नाही. जेवणं आटोपून पावणेनऊला फ्लोअर भरायला लागतो आणि सव्वातासात सगळं मिटवायचं असतं. रात्रच एवढी लहान, तर त्यातली थांबण्याची जागाही तेवढीच लहान हवी. हा नियम चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. माझी आई हृदयविकाराची पेशंट होती, दाराशी वाजणारा बेस म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. फक्त गाणं निवडताना ते घड्याळ डोक्यात ठेवायचं.

रीमिक्स हा प्रकार मुळात याचसाठी आला: तेच गाणं, पण वेगळ्या तासासाठी. आपल्याकडे रीमिक्स म्हटलं की सिनेमाच्या गाण्याखाली ढोलाची बीट चिकटवलेली फाइल, अशी समजूत झाली आहे. ट्रान्समध्ये त्याचा अर्थ बराच खोल आहे. दोन उदाहरणं देतो, दोन्ही नीट अभ्यासण्यासारखी.

पहिलं ‘सायलेन्स’. कॅनडाच्या डेलिरियमचं, सारा मॅक्लॉक्लनच्या आवाजातलं. १९९७ च्या अल्बममधलं मूळ गाणं संथ आहे. डोळे मिटून ऐकण्याचं, नाचायचं नाहीच. मग टिएस्टो आणि एअरस्केप यांचे रीमिक्स आले आणि २००० मध्ये ते ब्रिटनच्या सिंगल्स चार्टवर ३ नंबरपर्यंत गेलं. या दोघांनी गायिकेचा आवाज जवळपास तसाच ठेवला आणि त्याच्याखालची जमीन बदलली. टिएस्टोचा रीमिक्स अकरा मिनिटांहून लांब आहे. आवाज येईपर्यंत तो तुम्हाला इतकं चालवतो की आवाज आल्यावर थांबणं हे बक्षीस वाटतं.

दुसरं ‘द एज ऑफ लव्ह’. मूळ १९९० चं. पण जगाने डोक्यावर घेतला तो १९९२ चा जॅम अँड स्पून यांचा रीमिक्स. आणि २०२१ मध्ये शार्लट द विट आणि एन्रिको सान्ज्युलियानो यांनी त्याचा टेक्नोकडे झुकणारा रीमिक्स केला, तेव्हा मूळ गाणं आलं त्या साली जन्मलेली मुलं तिशीची झाली होती. बदललं ते किकचं वजन आणि ताण धरण्याची पद्धत. ओळखीची खूण तीच राहिली. रीमिक्स ऐकताना मी नेहमी हेच शोधतो: याने मूळ गाण्यातली कोणती एक गोष्ट हातात धरून ठेवली? एकही धरली नसेल तर ते दुसरंच गाणं आहे. सगळ्याच धरल्या असतील तर रीमिक्सची गरज काय?

या नजरेने तुमचे तिन्ही बघू.

प्रोग्रेसिव्ह, १२६. हेडफोनवर फार सुंदर. पॅड (मागचे लांब सूर) रुंद पसरलेत, बेसलाइन गोल आहे, ब्रेकडाऊन ३२ बारचा, म्हणजे १ मिनिट १ सेकंद. पण गोदामात मिक्सरचं मोनो बटण (डावी-उजवी बाजू एकत्र करणारं) दाबलं आणि मुख्य लीड, म्हणजे गाण्याची पुढची धून, निम्म्याहून जास्त गायब झाली. मी केबल तपासली, दुसऱ्या चॅनलवर घेऊन बघितलं. दोष फाइलमध्येच आहे. लीडला रुंदी आणायला एका बाजूची लाट उलटी केली आहे किंवा काही मिलिसेकंद मागे ढकलली आहे. कानात दोन वेगळे स्पीकर असतात तोवर ते छान वाटतं. दोन्ही बाजू एकत्र आल्या की लाटा एकमेकींना खाऊन टाकतात. आणि आपल्याकडच्या बहुतेक हॉल-लॉनच्या सिस्टिम मोनोतच जोडलेल्या असतात. ते बरोबरच आहे, नाहीतर डावीकडे बसलेल्याला अर्धं गाणं ऐकू येईल. पुष्कळ क्लबमध्येही फ्लोअरवर मोनोच असतं. तुमच्या मित्राला सांगा, लीडचा एक थर मधोमध ठेव, रुंदी फक्त वरच्या थराला दे, आणि मोनो दाबून पुन्हा तपास.

त्यातली दुसरी अडचण आजीच्या आवाजाची आहे. मूळ प्रोजेक्टमध्ये ओवीचा वेग ७० च्या आसपास आहे, म्हणून ती १३८ च्या निम्म्या लयीवर अलगद बसते. १२६ चं निम्मं ६३. म्हणजे आवाज सुमारे १० टक्के ताणावा लागला. सूर तोच ठेवून वेळ ताणली की स्वरांच्या शेपट्या पाण्यात धरल्यासारख्या थरथरतात. ‘गं’ आणि ‘माय’ या शब्दांवर नीट कान द्या, लगेच कळेल. म्हाताऱ्या आवाजातला खरा कंप आणि मशीनचा कंप एकमेकांत मिसळलेत, आणि मला ते सोसवलं नाही. यावर उपाय आहे: ओळ अख्खी ताणू नका. ती शब्दाशब्दाला कापा, प्रत्येक तुकडा मूळ वेगाचाच ठेवा आणि मधल्या श्वासाच्या जागा वाढवा. ओवीत तेवढी मोकळीक असते. दळताना बाई कुठे ठेक्यावर गाते? जातं जड गेलं की ओळ लांबते.

सायट्रान्स, १४२. पोराच्या हातात कौशल्य आहे, बेस अगदी कापून बसवलाय. प्रत्येक किकनंतर बेसचे तीन ठोके, म्हणजे दर १०६ मिलिसेकंदांना एक आवाज. उघड्या मैदानात, समुद्राकाठी, गोव्यात हे ऐकताना अंगात वीज खेळते. पण फरशी, आरसे आणि पीओपीचं छत असलेल्या बँक्वेट हॉलमध्ये आवाज सहज दोन सेकंद घुमतो. म्हणजे एक ठोका विरेपर्यंत त्याच्यावर अठरा-एकोणीस ठोके येऊन पडलेले असतात. ऐकणाऱ्याला नुसती घरघर ऐकू येते. शिवाय सुरुवातीला पाऊण मिनिट बोलण्याचा तुकडा आहे, त्याखाली बीट नाही. हे गाणं मिक्स करत आत आणायचं तर डीजेने कशाला धरायचं? हा रीमिक्स टाकून देऊ नका. त्याची जागा वेगळी आहे, आणि ती सोलापूरच्या हॉलमध्ये नाही, पुण्याच्या शनिवारच्या क्लबमध्येही सहसा नाही.

टेक्नो, १३४. हा मी पुन्हा पुन्हा लावला. हेडफोनवर थोडा कोरडा वाटला होता, सिस्टिमवर खोली भरून गेली. याने ओवी जवळजवळ सगळी काढून टाकली, एकच शब्द ठेवला. हे वाचून तुम्हाला वाईट वाटलं असेल, तसं तुम्ही लिहिलंही आहे. पण त्याने काय धरून ठेवलंय ते ऐकलंत का? तुमच्या आजीने रेकॉर्डिंगच्या वेळी खरंच जातं फिरवलं होतं, आणि त्या जात्याची घरघर आवाजामागे आहे. या मुलाने ती घरघर वेगळी काढली, एका फेऱ्याचा लूप केला आणि पहिल्या बारपासून किकच्या खाली चालू ठेवली. हाय-हॅटच्या (बारीक झांजेच्या) जागी जातं फिरतंय. ३३ व्या बारला, म्हणजे ५७ सेकंदांनी, तो एक शब्द येतो. तोवर कानाला ती घरघर सवयीची झालेली असते, म्हणून आवाज परका वाटत नाही. तो त्याच घरातून आल्यासारखा वाटतो. किक तो फक्त १६ बार काढतो, २९ सेकंदांच्या आत परत देतो, आणि त्या २९ सेकंदांतही जातं थांबत नाही. पायाला धरायला काहीतरी राहतं.

हलगीवाला जे करतो तेच याने केलंय. हा मुलगा कोण आहे मला माहीत नाही, पण त्याच्यासोबत काम करत राहा.

एक तांत्रिक गोष्ट चारही फाइलना लागू आहे. गाणं एफ मायनरमध्ये आहे, त्यामुळे बेसचा खालचा स्वर ४३.७ हर्ट्झला पडतो. चांगल्या क्लबची सिस्टिम तो देते. भाड्याचे बेस साधारण ४५-५० च्या खाली गळायला लागतात, आणि उघड्या लॉनवर भिंतींचा आधारही नसतो. तुमचा मूळ बेस शुद्ध साइनसारखा आहे, खाली भरपूर आणि वर काहीच नाही. त्यामुळे लॉनवर तो वाजत होता पण ऐकू येत नव्हता. थोडं सॅच्युरेशन (आवाजाला हलका खरखरीतपणा) द्या, म्हणजे ८७ आणि १३१ हर्ट्झला त्याची सावली उमटेल आणि लहान सिस्टिमवरही कान स्वर ओळखेल. पट्टी बदलून गाणं वर नेऊ नका. आजीचा आवाज आहे त्या पट्टीतच तिचा आहे.

माझा एक अनुभव सांगतो, म्हणजे मी हे नुसतं हिशेबातून बोलत नाही हे कळेल. पुण्यात असताना एका शनिवारी मी ‘सायलेन्स’चा तो लांब रीमिक्स रात्री ११ वाजून १० मिनिटांनी लावला. मला तो प्राणाहून प्रिय, आणि फ्लोअर नुकता भरत होता. ब्रेकडाऊनला निम्मी माणसं बारकडे वळली. मॅनेजर केबिनच्या काचेतून माझ्याकडे बघत होता. घरी येऊन मी दोन दिवस कुणाशी बोललो नाही. तीन आठवड्यांनी तोच रीमिक्स, तोच क्लब, बरीचशी तीच माणसं. या वेळी पाऊण वाजता लावला, आधीच्या अर्ध्या तासात दोनदा छोटे छोटे थांबे देऊन. किक गेली तसे हात वर गेले. एक मुलगी डोळे मिटून, चेहरा छताकडे करून उभी होती, पूर्ण दीड मिनिट. ते चित्र अजून डोळ्यांसमोर आहे. फाइलमध्ये एक अक्षर बदललेलं नव्हतं.

म्हणून ‘कोणता चालेल’ याला एकच उत्तर नाही. वेळ, जागा, सिस्टिम, आधीचा तास आणि वाजवणारा या सगळ्यांवर ते अवलंबून आहे. मी न बघितलेल्या फ्लोअरबद्दल मी छातीठोक बोलणार नाही. पण तुम्ही सांगितलेल्या दोन जागांबद्दल बोलू शकतो.

पुण्याच्या क्लबसाठी टेक्नो पुढे करा. १३४ हा वेग आजच्या टेक्नोच्या सेटमध्ये सरळ बसतो. तुमचं मूळ १३८ चं गाणं १२८ च्या सेटमध्ये घालायचं तर वेग सव्वासात टक्के उतरवावा लागतो. की-लॉक (वेग बदलला तरी सूर तोच ठेवणारं बटण) न लावता तसं केलं तर सूर सव्वा स्वरस्थानाने खाली येतो, आणि की-लॉक लावून केलं तर पुन्हा आवाजाची तीच थरथर. कुठला डीजे अनोळखी माणसाच्या गाण्यासाठी एवढा त्रास घेईल? सोबत त्याच रीमिक्सचं बिनशब्दांचं व्हर्जन द्या, आणि सुरुवात-शेवट प्रत्येकी ३२ बार निव्वळ तालाचे ठेवा. एवढ्या दोनच फाइल पाठवा. चार पाठवल्या की समोरचा एकही ऐकत नाही. मी स्वतः पेनड्राइव्ह भरताना नव्या गाण्याला वीस-पंचवीस सेकंद देतो: सुरुवात, ड्रॉपच्या आधीचं, ड्रॉपनंतरचं. फाइलच्या नावात गाणं, रीमिक्सचं नाव, बीपीएम आणि की लिहा. वेव्ह द्या, नाहीतर ३२० चा एमपी३.

आणि वीस जणांना एकच मेसेज धाडू नका. असं संगीत वाजवणारे तिघे शोधा. हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला जा, शनिवारी त्यांचा सेट उभं राहून ऐका, आणि मग दोन ओळी लिहा: तुमच्या सेटमध्ये साडेबाराच्या आसपास अमुक गाण्यानंतर हे बसेल असं मला वाटलं. त्या दोन ओळींना उत्तर येतं. मला आलेल्या शेकडो लिंकांपैकी ज्या मी उघडल्या, त्या जवळजवळ सगळ्या अशा लिहिलेल्या होत्या.

सोलापूरच्या लॉनसाठी तिन्हीपैकी एकही नको. तिथे तुमच्या मूळ गाण्याचाच एक नवा एडिट करा. माझ्या डोक्यात तो साधारण असा आहे. जात्याची घरघर पहिल्यापासून, बारीक. ३३ व्या बारला ओवीचा एक शब्द, ६५ व्याला अर्धी ओळ, किक चालू असतानाच. ब्रेकडाऊन ६४ ऐवजी ३२ बारचा, म्हणजे ५६ सेकंद. त्यातल्या पहिल्या ८ बारमध्ये किक एकदम बंद न करता तिचा खालचा भाग फिल्टरने हळूहळू काढा, आणि ती गेली की हलगी येऊ द्या. लूप विकत घेऊ नका, मिरवणुकीत वाजवणाऱ्या एखाद्याला बोलावून खरी रेकॉर्ड करा. ओवी अख्खी एकदाच, मधे काही नाही. स्नेअरचा (ड्रमच्या कडक ठोक्यांचा) चढ ८ बारच पुरे, १६ नको. आणि शेवटच्या बारमध्ये सगळं बंद, फक्त चार मात्रांची शांतता. टिपरू वर धरल्यासारखी. तिथे आपल्या गावचं माणूस उठून जाणार नाही, याची मला खात्री आहे.

मूळ साडेसात मिनिटांचं गाणंही जपून ठेवा, काटछाट न करता. सिंगल प्रसिद्ध कराल तेव्हा तेच पहिलं असू द्या. रीमिक्स ही त्याकडे यायची वाट आहे. पुण्यात टेक्नोवर नाचलेला एखादा मुलगा पहाटे घरी जाताना मूळ गाणं शोधेल, आणि तेव्हा त्याच्याकडे दोन मिनिटं थांबायला वेळ असेल.

तिन्ही मित्रांशी मात्र कागदावर लिहून घ्या: कुणाचं नाव कसं येणार, पैसे आले तर वाटणी कशी, आणि आजीच्या रेकॉर्डिंगचे तुकडे त्यांना दुसऱ्या गाण्यात वापरता येणार नाहीत. मैत्री आहे म्हणूनच आत्ता लिहा.

रविवारी दुपारी माझं गोदाम मोकळं असतं आणि सिस्टिम उभी असते. मला इथेच निरोप टाका, पत्ता कळवतो. टेक्नोवाल्या मित्रालाही आणा. पेनड्राइव्हमध्ये आजीची कच्ची रेकॉर्डिंग असू द्या, रिव्हर्ब (कृत्रिम घुमारा) न लावलेली, जात्यासकट. आणि आजींना तासभर बसवत असेल तर त्यांनाही घेऊन या. जातं फिरवताना त्या दोन ओळींच्या मधे नेमक्या किती फेऱ्या थांबतात ते मला त्यांच्याकडूनच बघायचंय. रेकॉर्डिंगमध्ये तिथे कुणीतरी कात्री चालवली आहे.